गोडाची मर्यादा

आनंदाची वार्ता आली की हातावर साखर ठेवावी, परीक्षेत यश मिळाले की पेढे वाटावेत, संक्रांतीला तिळगूळ द्यावा, ही महाराष्ट्राची जुनी रीत होय. १९५० साली प्रवरानगर येथे शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू झाले आणि पुढे ऊस सहस्रावधी कुटुंबांचा आधार बनला. अशा भूमीत साखरेला दोष देणे कृतघ्नपणाचे वाटेल. परंतु आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवले आहे, 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.'

पूर्वी पुरणपोळी होळीला आणि श्रीखंड पाडव्याला मिळे. सण सरला की गोडही सरे. आज मात्र सणाची ही पाहुणी घरात कायमची राहावयास आली आहे. ती चहात आहे, बिस्किटात आहे आणि शीतपेयातही आहे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला की, दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा साखरेतून मिळावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात ही दुसरी मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची होते. एकच बाटली ती ओलांडते! गूळ आणि मध यांनाही या हिशेबातून सुटका नाही.

या अतिरेकाचा पहिला घाव दातांवर बसतो. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातांचे कठीण कवच झिजविते. शिवाय गोड पेयाने पोट भरत नाही. जादा साखरेची चरबी होऊन ती यकृतातही साठते. वजन वाढते आणि पुढे मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. अर्थात्, लहानपणीच जडणारा एक मधुमेह साखर खाल्ल्याने होत नाही. अशा सोबत्यास कोणी दूषण देऊ नये.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात साखर मोजून मिळू लागली. १९५३ साली हे नियंत्रण उठताच तिचा खप थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाला. ज्यांचा गर्भवास व पहिली दोन वर्षे नियंत्रणाच्या काळात गेली, त्यांच्यात पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. बालपणीच्या आहाराची छाया वृद्धापकाळापर्यंत पडते, ती अशी.

कोणी म्हणेल, खेळणाऱ्या मुलांना शक्ती नको का? हवीच. पण भाकरी, पोळी व भात यांतील पिष्टाचीही शरीरात साखरच होते. भाकरी, वरण, भाजी आणि फळे यांतून शक्तीबरोबर पोषणही मिळते. बाटलीतून मात्र केवळ गोडी मिळते.

म्हणून गोडाशी वैर नको, मर्यादा हवी. सणाची पुरणपोळी आनंदाने खावी. रोजची बाटली मात्र दूर सारावी. आनंदाच्या प्रसंगी वडीलधारी माणसे हातावर जी साखर ठेवतात, ती चिमूटभरच असते. तोंड गोड होण्यास तेवढी पुरते.