पत्रिकेतला एक शब्द

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दुपारी चारनंतर एखादी बाई घरी सापडणं कठीणच! यंदाचा पहिला आठवडा बघा. भोगीला सगळ्यांनी डबे आणून एकत्र जेवण, म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि लोणी. दुसऱ्या दिवशी देवळात सुगडं. मग मंडळाचं हळदीकुंकू, एकीच्या नातवाचं बोरनहाण, मध्येच भिशी आणि शनिवारी उखाण्यांची स्पर्धा. "आज पुन्हा?" असं घराघरांतून विचारलं जातं. विचारणारे स्वतः रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर तासभर बसून येतात, पण ते मात्र 'जरा जाऊन येतो' असतं.

मैत्रिणींनो, मला हे येणं-जाणं रिकामटेकडेपणाचं वाटत नाही. गुडघेदुखीपासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळं तिथे बोललं जातं. अंगावरून जास्त जातंय हे जी डॉक्टरांना सांगायला लाजते, ती सतरंजीवर शेजारणीच्या कानात सांगते आणि मग दोघी मिळून दवाखान्यात जातात. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना भिशीतच कळलं.

म्हणूनच, या सतरंजीवर कोण बसतं आणि कोण बसत नाही, याचा विचार करायला हवा. आमच्या मंडळाच्या पत्रिकेवर वर्षानुवर्षं छापलं जायचं, 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण.' लाडू वळायला, खुर्च्या मोजायला, हिशेब ठेवायला ज्या काकू सगळ्यांच्या आधी हजर, त्या कार्यक्रम सुरू झाला की आतल्या खोलीत. कोणी त्यांना 'आत जा' म्हणत नसे. म्हणायची वेळच येत नसे, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं!

यंदा बैठकीत 'सुवासिनींना' काढून 'महिलांना' छापायचं ठरलं आणि दोन तास वाद झाला. "त्यांनाच आवडायचं नाही," असं एक वहिनी म्हणाल्या. हे उत्तर मला नेहमी सोयीचं वाटत आलंय. त्यांना आवडेल की नाही ते आपण त्यांना विचारलंय कधी? आम्ही घरोघरी जाऊन विचारलं. काहींनी नको म्हटलं, त्यांचा मान ठेवला. बऱ्याच जणी आल्या. एका आजींनी हळद लावून घेतली, कुंकवाला मात्र हात जोडले. झालं, एवढंच! कोणाचंही आभाळ कोसळलं नाही. एक-दोघी सभासद रागावून आल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

यात आम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे १८५२ च्या जानेवारीत तिळगुळाचा कार्यक्रम केला होता. सगळ्या जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील, भेदभाव न करता सगळ्यांना हळदीकुंकू लावलं जाईल, असं त्याच्या निमंत्रणातच होतं. पावणेदोनशे वर्षं होत आली! अलीकडे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण बाईला ओट्यापाशी बसवणं किंवा सतरंजीवर बोलावणं हे शेवटी आपल्याच हातात असतं. तिथे ना सरपंच येतो, ना तहसीलदार.

वाणाबद्दलही बोलायचंय. पूर्वी वाण म्हणजे कंगवा, आरसा, मूठभर गहू. आता स्टीलच्या डब्यावरून काचेच्या बरणीवर गाडी गेलीय. जिला तेवढं परवडत नाही ती 'डोकं दुखतंय' म्हणून घरी राहते. वीस रुपयांच्या वर वाण नको, असा नियम आम्ही केलाय. (तो मोडणाऱ्या मंडळातल्याच निघाल्या, ते सोडा.)

राहिली ती वेळ. दुपारी चार ही घरी असणाऱ्या बायकांची वेळ. भाजीच्या गाड्यावर बसणारी, कापडदुकानात उभी राहणारी, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी तेव्हा कशी येणार? तिला पत्रिकेत कोणी नको म्हटलेलं नाही, पण घड्याळाने बाहेरच ठेवलंय. रथसप्तमीच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम आम्ही रात्री आठला ठेवलाय. स्वयंपाक घरातल्या बाकीच्यांनी करायचा. त्यावर घराघरांत काय चर्चा चाललीय ते विचारू नका!