खिडकी पोहोचली, अक्षर मागे राहिले

१/८
एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही संगणकावर चालतो, हा दावा संगणकाच्या इतिहासात फार सहज मान्य केला जातो. तो तपासायला अमरावती जिल्ह्यातील एक गावनाव पुरेसे आहे : रिद्धपूर.

२/८
खिडक्या, बटणे, मजकुराच्या चौकटी तयार देणारा संच म्हणजे टूलकिट. जॉन ऑस्टरहाउट यांचा ‘टी-के’ १९९१ मध्ये आला, तो युनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीसाठी. १९९६ च्या ४.१ आवृत्तीने तो विंडोज आणि मॅकिंटॉशवर नेला.

३/८
टी-केची मूळ जोडभाषा टीसीएल. इतर भाषांना त्याच्यापर्यंत पोहोचवणारा पूल म्हणजे बाइंडिंग. पर्लसाठी निक इंग-सिमन्स यांनी टी-केच्या गाभ्यातून टीसीएल वगळले. पायथनच्या टीकिंटरने टीसीएलचा दुभाषी सोबतच ठेवला. म्हणून टी-के जिथे गेला तिथे टीकिंटरला वाट आयती मिळाली. पर्लच्या पुलाला मात्र प्रत्येक बदल हाताने उतरवावा लागला.

४/८
यावरून टीकिंटरला विजयी ठरवले जाते. पण कसोटी कोणती? केवळ खिडकी उघडण्याची.

५/८
अकोल्यातील एखाद्या विद्यार्थ्याने महानुभाव पोथ्यांची सूची टीकिंटरमध्ये केली, असे समजा. विंडोजवर ‘रिद्धपूर’ नीट उमटते. तोच प्रोग्राम लिनक्सवर, टी-के ८.६ सह चालवला, की ऱ्हस्व वेलांटी ‘र’च्या मागे जाते आणि ‘द्ध’ फुटून द, हलन्त, ध असे सुटे पडते. प्रोग्राम तक्रार करीत नाही. त्याच्या लेखी सारे ठीक असते.

६/८
कारण साधे आहे. विंडोज आणि मॅक अक्षरजुळणी स्वतः करतात. लिनक्सवर टी-के ८.६ केवळ एकापुढे एक चिन्हे मांडतो. रोमन लिपीला तेवढे पुरते, देवनागरीला नाही.

७/८
‘मग बटणांवर इंग्रजी लिहा’ हा सल्ला जुनाच आहे. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, असे महानुभाव परंपरा सांगते : त्याने पंथातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ग्रंथ कोणापर्यंत पोहोचतो, ही त्यांची कसोटी होती.

८/८
अडचण असाध्य नाही. क्यूटी आणि जीटीके हे टूलकिट हार्फबझ या अक्षरजुळणी-ग्रंथालयाच्या आधारे लिनक्सवरही शुद्ध देवनागरी दाखवतात. प्रश्न क्षमतेचा नसून अग्रक्रमाचा आहे. ज्या स्थलांतरात वाचकाची लिपी मोडते, त्याला इतिहासाने ‘पूर्ण’ म्हणू नये.