घोरण्यात हसण्यासारखं काय आहे?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या बचत गटाच्या अठरा जणी पंढरपूरला गेलो होतो. दर्शन झालं, रात्री धर्मशाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, गप्पा रंगल्या आणि बाराच्या सुमारास सगळ्या आडव्या झाल्या. दोन वाजता मला जाग आली तर दाराजवळ भिंतीला टेकून एक काकू बसलेल्या. मान पुढे पडायची, त्या दचकून सावरायच्या, पुन्हा मान पडायची. म्हटलं, "काकू, आडव्या व्हा की. बरं वाटत नाही का?"

त्या कुजबुजल्या, "बरी हाय ताई. पर म्या लई घोरती. घरात सुना हसत्यात, नातवंडं नक्कल करत्यात. हितं समद्या बायकांत कशाला हसं करून घ्यायचं?"

पन्नाशी उलटलेली बाई. दिवसभर रांगेत उभी राहिलेली. आणि घोरण्याच्या लाजेपायी रात्र बसून काढत होती! पुरुष घोरला तर "दमून आलाय बिचारा" म्हणून आपण त्याच्या अंगावर पांघरूण घालतो. बाई घोरली तर "बाईच्या जातीला शोभतं का हे?" म्हणतो. त्या रात्री मी काकूंना माझ्या शेजारी झोपवलं. पण मला मात्र पुढे झोप लागली नाही. कारण हे घोरणं काय असतं, ते मी माझ्या घरात बघितलं होतं.

माझ्या मिस्टरांचं घोरणं शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं. आम्ही त्यांना खुशाल कुंभकर्ण म्हणायचो. एका रात्री मी जागी होते, तेव्हा लक्षात आलं की घोरणं मध्येच थांबतंय. छाती हलतेय, पण श्वास जात नाही. मी अंक मोजायला लागले. दहा... वीस... पंचवीस... मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज झाला आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी, जेवता जेवता डुलकी. एकदा येडशीहून धाराशिवला मोटारसायकलवर येताना त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून मुरमात गेली. खरचटण्यावर निभावलं. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

या आजाराला डॉक्टर 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव सांगितलं. आपल्यापैकी अनेकींनी ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असेल.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेनं हवा जाताना टाळू आणि पडजीभ थरथरते, तेच घोरणं. वाट पुरती बंद झाली की श्वासच थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते. असं रात्रभर चालतं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला तर डॉक्टर तो मोजतात. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा तर मध्यम आणि ३० च्या वर गेला तर तीव्र. दुर्लक्ष केलं तर रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. घोरणारा प्रत्येक माणूस या आजाराचा रुग्ण असतो असं नाही. पण कोण आहे आणि कोण नाही, हे नुसत्या आवाजावरून कळत नाही.

मिस्टरांची तपासणी सोलापूरला झाली. अंगाला तारा जोडून रात्रभर झोपायचं, बस्स. आकडा आला तासाला २२. म्हणजे दर तीन मिनिटांच्या आत एकदा श्वास अडत होता! डॉक्टरांनी मशीन सांगितलं. नाकावर मास्क लावायचा आणि मशीन हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. हे मशीन १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी जगापुढे आणलं. आजही तीव्र आजारावर पहिला उपाय तोच आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आमच्याकडे ते टिकलं नाही. मास्कमध्ये यांचा जीव घाबरा व्हायचा, आणि वळवाच्या पावसात वीज गेली की मशीनच बंद. पंधरा दिवसांत ते कपाटावर गेलं.

आणि इथं आम्ही चूक केली. जाहिरात बघून दातात धरायची एक तयार प्लॅस्टिकची वस्तू मागवली. गरम पाण्यात बुडवायची, चावून आकार द्यायचा आणि तोंडात ठेवून झोपायचं. आवाज कमी झाला आणि मी खूश झाले! पण महिनाभरानं दिवसाची झोप तशीच होती आणि एक दाढ ठणकायला लागली. दाढ दाखवायला दंतवैद्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, "वहिनी, आवाज कमी झाला म्हणजे श्वास सुरळीत झाला असं नाही. चोर गेला की नुसता दबा धरून बसलाय, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?"

खरा उपाय त्यांच्याकडेच होता. मैत्रिणींनो, वाचता वाचता खालचा जबडा जरा पुढे आणून बघा. जिभेचं मूळही पुढे सरकतं आणि घसा मोकळा होतो. बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करायला त्याची हनुवटी वर उचलतात किंवा जबडा पुढे ढकलतात, तो याचसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिएर रॉबिन या फ्रेंच डॉक्टरांनी लहान हनुवटीच्या बाळांसाठी जबडा पुढे ठेवणारं उपकरण वापरलं, त्यामागेही हाच विचार होता. आज मोठ्या माणसांसाठी दंतवैद्य असंच उपकरण बनवून देतात. त्याला 'ओरल अप्लायन्स' म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव 'रात्रीची कवळी'.

ते असं बनतं. वरच्या आणि खालच्या दातांचं माप घेतात. जबडा पुढे आणून चाव्याचीही नोंद घेतात. त्यावरून प्रयोगशाळेत दोन साचे तयार होतात, एक वर बसतो आणि एक खाली. दोन्ही एकमेकांत असे अडकतात की खालचा जबडा मागे जाऊ शकत नाही. सुरुवातीला जबडा थोडाच पुढे ठेवतात आणि मग काही आठवडे हळूहळू, मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरनं सरकवत नेतात. ना वीज, ना आवाज. गावाला जाताना डबीत घालून पिशवीत टाकायचं.

पहिले आठ-दहा दिवस यांना तोंडातून लाळ यायची, सकाळी जबडा अवघडायचा. डॉक्टरांनी जबड्याचा व्यायाम दिला, मग ते कमी झालं. काही वर्षांनी दातांची ठेवण किंचित बदलू शकते, हेही त्यांनी आधीच सांगितलं. म्हणून दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा दाखवायला जायचं. उपकरण मऊ ब्रशनं आणि गार पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यात वाकडं होतं. आणि कुत्र्यापासून जपायचं. त्यांना ते फार आवडतं म्हणे!

तीन महिन्यांनी उपकरण तोंडात ठेवूनच पुन्हा तपासणी केली. २२ चा आकडा ६ वर आला होता. पूर्ण बरं नाही, पण दुपारच्या डुलक्या थांबल्या आणि मी श्वास मोजणं सोडलं. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या आणि या क्षेत्रातल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून ज्या सूचना काढल्या, त्याही हेच सांगतात. ज्यांना मशीन सोसत नाही त्यांनी उपचार सोडू नयेत, दातांचं उपकरण वापरावं. मात्र ते मापानं बनवलेलं हवं आणि झोपेच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हवं.

आता पुन्हा काकूंकडे येते. पंढरपूरहून आल्यावर मी त्यांच्या मागेच लागले. लेक म्हणाला, "आईला काय झालंय? पडल्या पडल्या झोप लागती तिला." हेच तर दुखणं आहे! बायकांमध्ये हा आजार बरेचदा घोरण्यापेक्षा वेगळ्याच रूपात येतो. सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, चिडचिड, रात्री वारंवार जाग. आपण म्हणतो, वय झालं. घरचे म्हणतात, आळस वाढलाय. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो. आपल्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी तरुणपणीच काढलेली असते. ज्यांची अंडकोशंही काढली, त्यांची पाळी अकालीच संपते. त्या बायकांच्या थकव्याकडे कुणी या नजरेनं बघितलंय का?

काकूंची तपासणी झाली, आजार मध्यम निघाला. पण दंतवैद्यांनी तोंड बघून मान हलवली. चाळीस वर्षं मिश्री लावलेली. हिरड्या सुटलेल्या, चार दात हलणारे. उपकरणाला धरायला घट्ट दात लागतात, वर-खाली निदान आठ-दहा तरी. तोच प्रश्न आपल्या पोरांचा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या कुठं मिळतात ते आपल्याला ठाऊक आहे. गुटख्यानं ज्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्याच्या दातांचं माप कसं घेणार? उद्याचा उपाय आपण आजच चघळून थुंकतोय.

काकूंनी मिश्री सोडली. चार महिने लागले, दोनदा मोडली, पुन्हा सोडली. हिरड्यांचे उपचार झाले, दोन दात गेले, बाकीचे सावरले. आता माप घेतलंय. तोवर डॉक्टरांनी कुशीवर झोपायला आणि वजन उतरवायला सांगितलंय.

तेव्हा आपण काय करायचं? घरात कुणी घोरत असेल तर एक रात्र जागून ऐका. श्वास मध्येच थांबतो का? मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. रक्तदाब आहे का, दिवसा झोप येते का, गळा जाड आहे का, तेही सांगा. आधी तपासणी, मग उपकरण, आणि उपकरणानंतर पुन्हा तपासणी. हा क्रम चुकवू नका. खर्च आधी विचारून घ्या, पुढच्या भेटी त्यात धरल्यात का तेही विचारा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूरलाही दंत महाविद्यालय आहे. तिथं चौकशी करायला काय हरकत आहे?

आणि गावोगावी आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. तुम्ही बायकांचा रक्तदाब बघता, साखर बघता. सोबत एवढंच विचारा, "बाई, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का?" या एका प्रश्नासाठी कुठलं यंत्र लागत नाही. आमच्या गटानं गेल्या तीन शिबिरांत तो विचारला. पहिल्यांदा सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीनं मान हलवली, "न्हाई वाटत." तिच्यामागून दुसरीनं, मग तिसरीनं.

येत्या कार्तिकीला आम्ही पुन्हा पंढरपूरला निघालोय. काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय, तुमची सतरंजी माझ्या शेजारी, भर मधोमध. घोरलात तर घोरलात. आम्ही ऐकू, हसणार नाही.