नकाशा काढताना तुम्हाला विचारलं होतं का?

गेल्या उन्हाळ्यात भाची आमच्याकडे आली ती खांद्याला ड्रॉइंगच्या कागदांची लांबलचक नळी अडकवूनच. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या वर्षाला आहे. या वर्षी एक मोठा प्रकल्प स्वतः जागा निवडून करायचा असतो. तिनं निवडली होती गणेशपुरी.

भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीच्या खोऱ्यातलं हे गाव तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. वज्रेश्वरीला देवीची ओटी भरायची आणि तिथूनच गणेशपुरीला जायचं, नित्यानंदबाबांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. जमिनीत खोलवर मुरलेलं पावसाचं पाणी तिथं तापतं आणि खडकाच्या भेगांमधून वर येतं. गुडघेदुखीवाल्या आज्या तर त्या पाण्यासाठी लांबून येतात. अशा येणाऱ्या बायका आणि रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायका, या दोघींसाठी विसाव्याची जागा आखायची, असा भाचीचा प्रकल्प.

तिनं पहिलं चित्र दाखवलं. सपाट छप्पर, मोठमोठ्या काचा, समोर हिरवळ. मला तर फारच आवडलं! पण तिचा चेहरा पडलेला. सरांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिथं पाऊस कुठल्या बाजूनं मारतो?" हिला उत्तर येईना. म्हणाली, "मावशी, पुन्हा जायचंय. येतेस सोबत?" मी लगेच पिशवी भरली.

तिथं भाची आधी नुसतीच फिरली. ऊन कुठं येतं, उतार कुठं आहे, सावली कुठल्या झाडाची, बायका कुठून येतात आणि दमून कुठं टेकतात, सगळं वहीत टिपत होती. मग भाजीवाल्या एका आजींशेजारी आम्ही फतकल मारली. पावसाचा प्रश्न आजींनी हात लांब करून एका क्षणात सोडवला. "तिकडून झोडपतो गं. त्या अंगाला दार ठेवू नको." पुरात पाणी कुठवर चढतं, तेही त्यांनी एका झाडाच्या बुंध्याकडे बोट करून सांगितलं. पाच वर्षांच्या शिक्षणात न मिळालेलं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. काचांबद्दल विचारलं तर हसल्याच. "काच कोण पुसणार? बसायला कट्टा दे, टोपलं ठेवायला उंचवटा दे आणि लुगडं बदलायला आडोसा दे."

भाचीनं उत्साहानं दुसरी कल्पना मांडली. इकडच्या जुन्या घरांसारख्या कारवीच्या कुडाच्या भिंती करायच्या, वर शेणामातीचा लेप. भिंत थंड राहते, सामान जवळच मिळतं. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची बापूकुटी आपण शाळेच्या सहलीत बघतो ना, तीही अशीच, जवळपासच्या माती-बांबूची. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले. ती कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. एका बाईनं आखलेलं घर, हे मला तरी भाचीकडूनच कळलं.

पण आजी म्हणाल्या, "कूड चांगलाच. पण सारवायचं कोणी? सून कामाला जाते, माझे हात दुखतात."

मैत्रिणींनो, मला वाटतं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. निसर्गाला धरून बांधा, मातीचं बांधा, असं आपण कौतुकानं बोलतो. पण दर वर्षी ती माती लिंपणारे हात कुणाचे? बाईचेच! निसर्गाचा विचार केला आणि बाईचा केला नाही, तर तो विचार अर्धाच. भाचीचा तिसरा आराखडा मग वेगळा झाला. खाली दगडी जोतं, पावसाच्या बाजूला विटांची भिंत, आणि कूड फक्त जिथं पाऊस पोचत नाही तिथं, आडोशापुरता.

हे असं विचारून बांधणं काही नवीन नाही. मुंबईच्या जे. जे. मध्ये काही काळ शिकलेल्या श्रीलंकेच्या मिनेट डी सिल्वा यांनी १९५० च्या दशकात कँडी शहरात सरकारी नोकरांची वसाहत आखली, तेव्हा राहायला येणाऱ्या कुटुंबांना प्रश्नावली देऊन त्यांच्या गरजा विचारल्या होत्या. तेही सत्तर वर्षांपूर्वी!

परतीच्या एसटीत मी गप्पच होते. मला आमचं घर आठवत होतं. नकाशा ठरला तेव्हा बाहेरच्या खोलीत सासरे, हे आणि कंत्राटदार बसले होते. मी चहा दिला, नकाशाकडे डोकावले. मोरीत उतरायला एक उंच पायरी होती. सासूबाईंना जड जाईल हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. "त्यांना जास्त कळतं," असं म्हणून कप उचलले. चार वर्षांनी त्याच पायरीवरून सासूबाई पडल्या, खुबा मोडला. त्यानंतर त्या आपल्या पायांनी अंगणात आल्याच नाहीत. पायरी कंत्राटदारानं बांधली हे खरं, पण माझं गप्प बसणंही त्या पायरीत चिणलेलं आहे.

काही जण म्हणतील, बायकांना नकाशातलं काय कळतं? नसेल कळत कागदावरचं. मग कागदावर बघूच नका. भाचीनं मला एक साधी युक्ती सांगितली. पाया खणायच्या आधी मोकळ्या जागेवर फक्कीनं स्वयंपाकघर आणि मोरी खऱ्या मापात आखून घ्या. हातात भरलेली कळशी घ्या आणि त्या रेघांमधून चालून बघा. ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. संध्याकाळचं ऊन कुठं येतं तेही तिथंच उभं राहून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून तिथून चालवा. कुठं अडतं ते लगेच कळेल.

आणि कळलं की बोला. चहाचा ट्रे बाजूला ठेवून बोला. घर बांधून झाल्यावर भिंती आपलं ऐकत नाहीत, फक्कीची रेघ मात्र पायानं पुसता येते.