बंदराच्या पाठीमागचा मुलूख

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचे एक रंगीत मानचित्र या आठवड्यात पाहण्यात आले. त्यात पर्यटकांच्या जहाजांसाठी धक्का होता, उद्याने होती, परंतु ज्या मालावर मुंबई बंदर संपन्न झाले त्या कापसाचा नामनिर्देशही नव्हता, आणि कापसाचा असा विसर मला सोसत नाही, हे या सदराचे वाचक जाणतातच.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच त्या युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले, समुद्रात भराव घालणारी बॅकबे कंपनी बुडाली, मुंबईच्या मातब्बर पेढ्या दिवाळखोर झाल्या. तरीही १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास भिडला, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक खुला झाला. त्या पडत्या काळातही शहराने आपली नजर कापसाच्या मुलखावरून ढळू दिली नाही.

त्याच नजरेतून १९०३ साली विदर्भातील आमची ‘शकुंतला’ रेल्वे अवतरली. यवतमाळ, दारव्हा, कारंजा येथील जिनप्रेसमधून निघालेल्या रुईच्या गाठी अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापुरास जात, तेथे मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेच्या गिरण्यांकडे रवाना होत. मँचेस्टरला १९२१ साली घडविलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. माल ट्रकांनी नेला, तेव्हा ती बाजारहाटाला निघालेल्या बायाबापड्यांची गाडी झाली. तिकिटे देणे, फाटक लावणे, इंजिन जोडणे, सारे काही गाडीवरील मंडळीच करीत. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिल्यामुळे दुरुस्तीची जबाबदारी मनापासून कोणीच घेतली नाही, आणि अखेरीस यवतमाळची गाडी बंद पडली. गोरगरिबांच्या हक्काचे वाहन असे हातोहात नाहीसे व्हावे आणि त्याबद्दल कोणासही जाब द्यावा लागू नये, याची चीड मला आजही आवरत नाही.

कापसाचा विसर केवळ मुंबईलाच पडला असे नाही. २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले व ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढविली; म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात परक्या रुईला देशाच्या बंदरांची दारे मोकळी झाली, आणि आमचा शेतकरी मात्र हमीभावाच्या खरेदी केंद्रावर गाडी लावून ताटकळत राहिला.

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालेली नवी रेल्वे २०२४ साली कळंबपर्यंत आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु कारंज्याच्या पट्ट्याची तिने सोय होत नाही. सबब बंदराने कापसाचे ऋण फेडावे म्हणून शकुंतलेचा मार्ग रुंद करण्याचा खर्च पूर्व किनाऱ्याच्या योजनेतच धरावा, अशी माझी मागणी आहे, आणि ती मी पूर्ण विचारांती करीत आहे.