तारा जोडण्याचें शिक्षण

आज घरोघरीं टीव्ही आहे. परंतु त्याच्या पाठीमागें काय आहे हें पाहण्याची इच्छा फार थोड्यांस होते. नवें यंत्र आणलें कीं तें जोडण्यास माणूस बोलवावा, आणि मूल जवळ गेलें तर "हात लावूं नकोस" म्हणून दटावावें, अशी बहुतेक घरांतील रीत आहे. ही रीत सुटावी असें आमचें मत आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरीं आईवडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. तींत तिचे दिवंगत आजोबा बोलतांना दिसतात. व्हीसीआर जुना, टीव्ही नवा. व्हीसीआरच्या तारा तीन: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या ध्वनीची व तांबडी उजव्या बाजूच्या ध्वनीची. नव्या संचास तशीं भोकें नव्हतीं. एचडीएमआयचीं मात्र होतीं. वडिलांनीं बाजारांतून एक लहानशी डबी आणून मध्यें जोडली. पडदा काळाच राहिला. कॅसेटच बिघडली असें ठरून ती भंगारांत जाण्याची वेळ आली. तेव्हां त्या मुलीनें डबीवरील अक्षरें वाचलीं. ती डबी एचडीएमआयचें चित्र जुन्या संचास देणारी होती. पाहिजे होती ती नेमकी उलट. डबी बदलली, आणि आजोबा बोलूं लागले.

यांत मोठी विद्या ती कोणती? पाटाचें पाणी जसें एकाच दिशेनें वाहतें, तसेंच या तारांतील चित्राचें आहे. जेथून तें निघतें तेथें 'आउट' व जेथें शिरतें तेथें 'इन' लिहिलेलें असतें. दुसरें असें कीं, पिवळ्या तारेंतून चित्र चढउतार होणाऱ्या विजेच्या रूपानें जातें, तर २००२ सालीं निघालेल्या एचडीएमआयमधून चित्र व ध्वनि दोन्ही अंकांच्या रूपानें जातात. म्हणून नुसती पिन बदलून भागत नाहीं. मध्यें दुभाषा लागतो. या नियमास अपवादही आहे. ज्या भोकाजवळ 'एआरसी' लिहिलेलें असतें, तेथून टीव्हीचा ध्वनि उलट बाहेरच्या स्पीकराकडे जातो. ही सोय २००९ सालीं आली. आणि सर्व जोडूनही रिमोटनें तेंच भोक निवडलें नाहीं, तर श्रम व्यर्थ!

कोणी पालक म्हणतील, मुलांस विजेचा धक्का बसेल. ही भीति निराधार नव्हे. म्हणून जोडण्यापूर्वीं भिंतीवरील बटण बंद करावें व यंत्राचें झांकण कधींही उघडूं नये, हे दोन नियम आधीं शिकवावे. कोणी म्हणतील, टीव्हीपुढें आधींच वेळ फार जातो. तें खरें, परंतु तो पाहण्यांत जातो. जोडण्यांत जाणारा वेळ विचाराचा असतो, आणि कारण शोधण्याची संवय पुस्तकांतील पाठांतरानें लागत नाहीं.

जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं व्हीसीआर बनविणें थांबविलें. कॅसेटींतील फीतही वर्षानुवर्षें झिजत असते. ज्यांच्या घरीं अशा कॅसेटी आहेत, त्यांनीं फार काळ थांबूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टींत वडील मंडळींस जवळ उभें करून टीव्हीची पाठ एकदां नीट पाहा, आणि प्रत्येक भोकाचें नांव वहींत लिहून काढा. पालकांस आमची विनंति इतकीच, कीं त्या वेळीं "हात लावूं नकोस" असें न म्हणतां "कां?" असें विचारावें.