हत्ती स्वस्तात मिळतो, चारा नाही

"साहेब, तुमची गाडी बसलीये."

सकाळी पावणेसातला सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. खाली जाऊन बघतो तर गाडी खरोखरच बसली होती. पुढची डावी बाजू जमिनीला टेकायला आली होती आणि उजवी वर होती. एक पाय दुमडून बसलेली म्हैस दिसते, तशी. या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. त्यातल्या एकाने रात्रीतून जीव सोडला होता. शेजारच्या काकांची चौदा वर्षांची वॅगनआर तेवढ्यात धुऊन-पुसून ऑफिसला निघाली. काका काच खाली करून म्हणाले, "काय, आराम का?"

तो फुगा बदलायला 1 लाख 10 हजार लागले. ही गोष्ट मी त्या दिवशी कुणालाच सांगितली नाही. ऑफिसात म्हणालो, "सर्व्हिसिंगला दिलीये." हा लेख त्या न सांगण्याबद्दल आहे. कारण माझं असं मत झालंय की जुन्या लक्झरी फोर-बाय-फोरचा अख्खा बाजार इंजिनावर, लेदरवर किंवा सनरूफवर चालत नाही. तो चालतो आपल्या गप्प बसण्यावर.

2021 साली मी 2013 ची गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. नवी असताना ती सत्तर लाखांच्या पुढे होती, मला साडेसोळा लाखांत मिळाली. साडेतीन लाख माझे साठवलेले होते. बँकेने एवढ्या जुन्या गाडीला वाहनकर्ज द्यायला नकार दिला. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. पैसे देण्यावर जिचा धंदा चालतो, ती बँक म्हणतेय की या वस्तूवर आमचा भरवसा नाही, आणि मी म्हणतोय, बँकवाल्यांना गाड्यांतलं काय कळतं! मग 14 टक्क्यांनी 9 लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं. पाच वर्षं, महिना 21 हजारांचा हप्ता. उरलेले 4 लाख आबांनी दिले, त्यांच्या ग्रॅच्युइटीतून.

आबा 31 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. पैसे देताना ते एवढंच म्हणाले, "गाडी कितीला मिळते ते सगळेच विचारतात. तिचं एक बेअरिंग कितीला पडतं ते विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. मी त्यांना तिच्या स्पीकर्सची संख्या सांगितली.

आता मुद्द्यावर येतो. "सत्तर लाखांची गाडी सतरा लाखांत" हे वाक्य तुम्ही रोज ऐकता. रील्समध्ये एक माणूस बॉनेटवर हात ठेवून ते म्हणतो, मग कापडाचं झाकण ओढलं जातं, हार घातला जातो, पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात दिली जाते. हे वाक्य खोटं आहे. सतरा लाखांना तुम्हाला सत्तर लाखांची गाडी चालवायचा फक्त परवाना मिळतो. गाडी सत्तर लाखांचीच राहते. तिचा कॉम्प्रेसर, तिचे टायर, तिचा वॉटर पंप, तिच्या मेकॅनिकचा तासाचा दर, यांतल्या कुणालाही कळवलेलं नसतं की मालकिणीची किंमत आता उतरली आहे.

विम्याचं बघा. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीचा घसारा 50 टक्के धरतात. म्हणजे गाडी चोरीला गेली तर पैसे उतरलेल्या किमतीने मिळणार. पण दरवाजा चेपला, तर नवा दरवाजा आजच्या नव्या किमतीने घ्यायचा. मिळकत जुन्या भावाने आणि खर्च नव्या भावाने, याला आपल्याकडे शेती म्हणतात. शहरात येऊन मी तीच केली.

मग ही गाडी विकली कुणी आणि का? माझ्या गाडीच्या आरसीवर एका कंपनीचं नाव होतं. एजंट मोठ्या अभिमानाने म्हणाला, "कंपनीची गाडी आहे, ड्रायव्हरने सांभाळलेली." मला तेव्हा या वाक्याचा अर्थ कळला नाही. कंपनीने गाडी घेतली की आयकरात तिच्यावर दर वर्षी 15 टक्के घसारा दाखवता येतो. कर्जाचं व्याज, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, दुरुस्ती, सगळं धंद्याच्या खर्चात धरता येतं. पहिल्या काही वर्षांत वॉरंटी असते, रबर नवं असतं, बिघाड कमी असतात. ही वर्षं संपली की पहिला मालक गाडी काढतो. तो मूर्ख नसतो आणि उदारही नसतो, त्याला हिशेब येतो. गाडीचं तारुण्य त्याने वापरलं आणि त्यावर करसवलत घेतली. म्हातारपण माझ्याकडे आलं. मी पगारदार. मला घसारा दाखवायला जागाच नाही. तो मी फक्त सोसू शकतो.

दिल्लीच्या गाड्यांचं गणित याच्याही पुढचं. 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. पुढे अंमलबजावणीत बरेच चढउतार झाले, पण तोवर आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्या तिथून बाहेर पडायची वाट तयार झाली होती. त्या आपल्याकडे "एकदम क्लीन, दिल्ली पासिंग" म्हणून येतात. स्वस्त वाटतात. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्याचा कर वयानुसार कमी होतो खरा, पण मोजला जातो गाडीच्या मूळ किमतीवर, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की ही गाडी सत्तर लाखांची आहे. ठाऊक नाही ते फक्त घेणाऱ्याला.

कुणी म्हणेल, नीट तपासून घ्यायची होती. घेतली होती! तीन हजार रुपये देऊन तपासणी केली, दोनशे खुणांचा रिपोर्ट आला, सगळीकडे हिरवे टिक. तपासणी आजची तब्येत सांगते. आठ वर्षांचं रबर नवव्या वर्षी काय करेल, ते सांगत नाही. मला एक फाईलही दिली होती. तिच्यात 2017 पर्यंतची सगळी बिलं नीट लावलेली होती. त्यानंतर काहीच नव्हतं. मी समजलो, त्यानंतर काही बिघडलंच नाही.

आता फोर-व्हील ड्राइव्हबद्दल. शेवटी या गाडीची शान त्यातच. 1948 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली गेली ती शेतकऱ्याची गाडी म्हणून. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून तिचं अंग ॲल्युमिनियमचं केलं होतं. 1970 ची पहिली रेंज रोव्हरसुद्धा आतून पाण्याने धुता यावी अशी होती. चिखलाचे बूट घालून बसायचं आणि नंतर पाइप मारायचा. आपल्याकडेही जीप म्हणजे धरणाच्या कामावरचा इंजिनिअर, वनखातं, वळवाच्या पावसात वाडीवर पोचणारा डॉक्टर. चारही चाकांना ताकद द्यायची कल्पना चिखलातून आली. आज तीच गाडी वीस इंची रिम आणि पातळ टायर घालून मॉलच्या बेसमेंटमध्ये उभी असते आणि स्पीडब्रेकर तिरका घेते.

मी ती खऱ्या चिखलात एकदाच घातली. जुलैमध्ये गावी, जुन्नरकडे, चुलत्यांच्या वावरात. बघायला पोरं जमली होती. लो रेंज टाकला, स्क्रीनवर चिखलाचं चित्र निवडलं आणि दहा फुटांवर रुतलो. चार चाकांना ताकद मिळते, पण पकड टायरनेच धरायची असते. हायवेच्या टायरच्या खाचा काळ्या मातीने भरल्या की चारही चाकं सारखीच गरगरतात, आणि वर सव्वादोन टनांचं वजन. चुलतभावाने ट्रॅक्टर लावून बाहेर काढली. त्या खटपटीत एका टायरची कड फाटली. तेव्हा कळलं की कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला एकच टायर नवा घालून भागत नाही. झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरात फरक पडला, तर तो ताण डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसवर येतो. 26 हजाराचा एक, असे चार. पोरांना दाखवलेल्या त्या दहा फुटांचे 1 लाख 4 हजार झाले.

तीन वर्षांचा हिशेब मांडतो. फुगा 1 लाख 10 हजार, कॉम्प्रेसर 65 हजार, टायर 1 लाख 4 हजार, बॅटरी 22 हजार, कूलंटचे ठिसूळ झालेले पाइप आणि वॉटर पंप मिळून 85 हजार. ट्रान्सफर केस बदलायला 2 लाख 40 हजार सांगितले होते, ते गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये 90 हजारांत भागवलं. तीन सर्व्हिसिंगचे 1 लाख 35 हजार, विम्याचे 1 लाख 44 हजार. एकूण 7 लाख 55 हजार. 2024 मध्ये गाडी सव्वाआठ लाखांना गेली. म्हणजे किमतीतही तेवढेच, सव्वाआठ लाख गेले. 22 हजार किलोमीटर चाललो. डिझेल आणि कर्जाचं व्याज सोडून किलोमीटरला सुमारे 72 रुपये. आबांच्या एसटीचं तिकीट काढून फिरलो असतो तर, हे मी बोलत नाही. आबाही बोलले नाहीत.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. "अंथरूण पाहून पाय पसरावेत" म्हणणाऱ्यांशी. हे तेच लोक, जे लग्नात मोठी गाडी आली की धावत पुढे येतात. मी दहा वर्षं स्प्लेंडर चालवली. कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटी मला "ए, तिकडं लाव" म्हणायचा. याच शर्टात, याच तोंडाने या गाडीतून गेलो तर बॅरिकेड आपोआप बाजूला व्हायचं. नाक्यावरचा हवालदार "साहेब" म्हणायचा. ज्या मामांनी कधी नीट बोलून विचारपूस केली नव्हती, त्यांनी साखरपुड्यात मला पुढच्या सोफ्यावर बसवलं. हा मान खोटा नव्हता, खराच मिळत होता. फक्त तो मला मिळत नव्हता, बंपरला मिळत होता. पोरं वेडी आहेत म्हणून गाड्या घेत नाहीत. पायी आलेल्या माणसाला आपण उभं ठेवतो, हे ती लहानपणापासून बघत आलीत. ज्यांनी हा भाव ठरवला, त्यांनी पोरांना काटकसर शिकवू नये.

पण मान विकत घेतला की तो टिकवायला गप्प बसावं लागतं. "गाडी परवडत नाही" म्हणालो की सोफ्यावरून उठावं लागणार. म्हणून प्रत्येक मालक म्हणतो, "एकदम मक्खन. तीन वर्षांत एक रुपया लागला नाही." मलाही असेच मालक भेटले होते, गाडी घेण्याआधी. आज कळतं की त्यांतला प्रत्येक जण एकतर गाडी विकायच्या बेतात होता, नाहीतर स्वतःची समजूत घालत होता.

आणि मी काय केलं? गाडी घ्यायला सांगोल्याकडून एक मुलगा आला, सोबत त्याचे वडील. मुलाचं वय चोवीस-पंचवीस. त्याने स्टिअरिंगवर हात फिरवला, तेव्हा माझाच 2021 चा चेहरा समोर दिसला. वडील बाजूला उभे राहून गाडी खालून बघत होते. त्यांनी मला विचारलं, "मालक, काम काही निघत नाही ना?" मी म्हणालो, "वापरातली गाडी आहे, किरकोळ चालायचंच." मग त्यांना फाईल दिली. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली. फक्त ट्रान्सफर केसचा सव्वादोन पानी अंदाज आणि वर्कशॉपचं 90 हजारांचं बिल मी आदल्या रात्री काढून ठेवलं होतं.

ती दोन कागदं अजून माझ्या कपाटात आहेत. हा लेख लिहायचं कारणही तीच. पश्चात्तापाचा आव आणत नाही. ते पैसे कर्जात गेले आणि हप्ते अजून चालू आहेत. पण माझ्या फाईलमध्ये 2017 नंतरची बिलं का नव्हती, हे मला त्या रात्री कळलं. आधीच्या मालकानेही असंच टेबलाशी बसून ती काढली असणार.

म्हणून सल्ला नाही, दोन प्रश्न सांगतो. जुनी मोठी गाडी घ्यायला निघालात, तर आधी तीच गाडी नवी आहे असं समजून शोरूमला विचारा की पाच वर्षांनंतर वर्षाला किती खर्च येतो. तेवढी रक्कम हप्त्याव्यतिरिक्त बाजूला पडत नसेल, तर ती गाडी तुमच्यासाठी स्वस्त नाही, फुकट मिळाली तरी नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत किंवा स्वतःचं गॅरेज आहे, त्यांनी खुशाल घ्यावी. हौस हा गुन्हा नाही. दुसरा प्रश्न विकणाऱ्याला. "कंडिशन कशी आहे" असं विचारू नका. विचारा, "शेवटची दोन बिलं कुठे आहेत?" आणि तो उत्तर देताना फाईलकडे बघतोय की तुमच्याकडे, ते बघा.

सांगोल्याच्या त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. त्याने स्टेटसला गाडीचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. गेल्या पावसाळ्यात तो फोटो दिसायचा बंद झाला. मी अजून फोन केलेला नाही.